भिंतीपलीकडचा गालिचा

शेजारच्या घरात कुणीतरी बाईला मारतंय, हे सांगायला मी पोलिसांना फोन केला तेव्हा माझ्या स्वतःच्या डाव्या दंडावर चार बोटांचे वळ होते. दोन दिवसांपूर्वीचे, हिरवे-पिवळे पडायला लागलेले. तरी मी ठाम आवाजात पत्ता सांगितला आणि वर "जरा लवकर या" असंही म्हणाले.

२०२०चा एप्रिल होता. डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये आम्ही नवरा-बायको रांगेतल्या एका घरात भाड्यानं राहत होतो. या घरांची मधली भिंत सामाईक असते, पलीकडे कुणी शिंकलं तरी कळतं. मी लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये इंजिनिअर. प्लांट थांबवता येत नाही, म्हणून लॉकडाऊनमध्येही आमच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालू होत्या. चार दिवस काम, चार दिवस सुट्टी. नवरा सॉफ्टवेअरमधला, तो मार्चपासून घरूनच काम करत होता.

पलीकडच्या घरात मार्चच्या सुरुवातीला कुणीतरी राहायला आलं होतं. एका माणसाला जाड लोखंडी पाइप आत नेताना मी पाहिलं होतं, तेवढंच. मार्च संपता संपता तो आवाज सुरू झाला. धप्, धप्, धप्. जड वस्तू मऊ गोष्टीवर आदळल्याचा. मग अर्धा-पाऊण तास शांतता, आणि पुन्हा धप्, धप्. मधूनच एका बाईचा आवाज यायचा, चढा आणि एकसुरी, काकुळतीला आल्यासारखा.  जड वस्तू मऊ गोष्टीवर कशी वाजते ते मला माहीत होतं.

दोन गार्डा आले. इथं पोलिसाला गार्डा म्हणतात. एक पुरुष, एक बाई. मी पडद्याआडून बघत होते. दार उघडलं ते एका बुटक्या म्हाताऱ्या बाईनं. डोक्याला फुलांचा रुमाल, हातात लोखंडाचं काहीतरी. गणवेश दिसताच तिनं ते खाली टाकलं, दोन्ही हात वर केले आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. 

दहा मिनिटांनी बाई गार्डा हसत बाहेर आली आणि तिनं आमचं दार वाजवलं.

"गालिचा विणतेय ती," ती म्हणाली. "इराणी आहे, एकटीच राहते. लोखंडी फणीनं धागे ठोकते, त्याचा आवाज. पण तुम्ही फोन केलात ते बरोबरच केलंत." मग तिची नजर माझ्या बाहीशी येऊन थांबली. "आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात ना?"

नवरा जिना उतरून माझ्या मागं येऊन उभा राहिला होता.

"ग्रँड," मी म्हणाले. इथं सगळे 'मजेत'च्या ऐवजी म्हणतात तसं.

दार लागलं. "आज शेजारणीसाठी पोलीस बोलावलेस," तो म्हणाला. "उद्या माझ्यासाठी बोलावशील." मी काही बोलायच्या आत त्यानं कानशिलात दिली. अंगठी लागून ओठ फाटला. कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत होता.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यानं पहिल्यांदा हात उचलला तो दुसऱ्या वर्षी, पुण्यात, गाडीच्या किल्ल्या सापडत नव्हत्या म्हणून. नंतर तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. आयर्लंडला आलो तेव्हा वाटलं, ते सगळं तिथंच राहील. राहिलं नाही. फक्त त्याचं रडणं बंद झालं. प्लांटमध्ये मी पांढरा सूट, हूड, मास्क आणि हातमोजे घालून बारा तास उभी असायचे. माझे डोळे सोडून काही कुणाला दिसत नव्हतं, आणि मला ते सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं दार कुणीतरी मुठीनं बडवलं. उघडलं तर तीच बाई. चेहरा रागानं लाल. "यू! पुलीस!" एवढंच इंग्रजी तिला सापडत होतं. बाकीचं ती फारसीत ओरडत होती. फोन स्पीकरवर होता आणि फोनवर तिचा मुलगा होता. तो नावनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता, कोविड वॉर्डात काम करायचा, आणि आईला लागण होऊ नये म्हणून त्यानं तिला इथं वेगळं ठेवलं होतं.

"आई म्हणतेय," तो थकल्या आवाजात म्हणाला, "तिच्या भावाला असेच दोन पोलीस दारातून घेऊन गेले होते. तो परत आला नाही. काल तिला वाटलं, आता तिला न्यायला आले."

 "मला वाटलं, त्यांना कुणीतरी मारतंय," मी म्हणाले. "आवाज तसा येत होता. माफी मागते म्हणावं."

त्यानं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन मीटर अंतर वगैरे सगळं विसरून पुढं आली, माझ्या फाटलेल्या ओठाला बोट लावलं, ते मला दाखवलं आणि म्हणाली, "खून."

मी दचकून मागं सरले. फारसीत खून म्हणजे नुसतं रक्त, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी ऐकू आला तो आपला मराठी खून.

"ती विचारतेय ओठाला काय झालं," मुलगा म्हणाला.

"कपाटाचं दार लागलं."

त्यानं सांगितलं असावं. तिनं खिशातून स्वच्छ कापसाच्या सुताचा एक गुंडा काढला, माझ्या हातात कोंबला आणि निघून गेली.

दोन दिवसांनी मी शिऱ्याचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. आत जायची तेव्हा परवानगी नव्हती, म्हणून तिनं पुढच्या खोलीची खिडकी उघडली आणि मला फुलझाडांच्या वाफ्यात उभं केलं. तिथून मी तो माग पहिल्यांदा पाहिला. मुलानं आणलेल्या पाइपांची उंच चौकट आमच्या सामाईक भिंतीला बोल्टांनी घट्ट बसवलेली. त्यावर वरपासून खालपर्यंत शेकडो उभे पांढरे धागे, वीणेच्या तारांसारखे ताणलेले. खाली वीतभर गालिचा तयार झाला होता. गर्द लाल जमीन, त्यात निळी-पांढरी वेल.

तिनं दोन उभे धागे बोटानं पुढं ओढले, एकाला लोकरीचा वेढा घातला, दुसऱ्याच्या मागून टोक काढलं, खाली खेचलं आणि दुसऱ्या हातातल्या सुरीनं खटकन कापलं. पुढची गाठ. पुढची. मला बोटं दिसतच नव्हती, नुसती सुरी चमकत होती. एक ओळ पुरी झाली की आडवे धागे घालायचे आणि मग ती फणी उचलायची. आपल्याकडे गालिचेवाले तिला पंजा म्हणतात. दीड-दोन किलोचं लोखंड, पुढं दातांची रांग. फारसीतही पंजे म्हणजे पंजाच, हे कळलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. मी तिला खानम म्हणायला लागले, म्हणजे बाईसाहेब. ती मला दोख्तर म्हणायची, मुलगी.

आणि ते जे मला रडणं वाटायचं ते रंग होते. गालिच्याचा नकाशा तिच्याकडे कागदावर नव्हता. लहानपणी कारखान्यात एक माणूस मोठ्यानं रंग ओरडायचा आणि सगळ्यांनी तशा गाठी मारायच्या, ते तिला तोंडपाठ होतं. एकटीच असली तरी ती ओरडूनच विणायची. "दो सफीद, यक सोर्ख, से आबी." दोन पांढऱ्या, एक लाल, तीन निळ्या.

त्या उन्हाळ्यात माझ्या सुट्टीचे दिवस तिच्या खिडकीबाहेर गेले. नवऱ्याला मी सांगितलं, म्हातारी एकटी आहे, तिचं सामान आणून देते. त्याला ते चाललं. त्याच्या कामावर कपात होणार अशा बातम्या होत्या, तो दिवसभर वरच्या खोलीत धुमसत असायचा. मी घरात नसले तर त्याच्या तडाख्यात येत नव्हते, एवढं साधं गणित. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची मुभा मिळाली. खानमनं मुलाला सांगून आमचं घर निवडलं. आता मी मागापुढच्या फळीवर तिच्या शेजारी बसू शकत होते.

तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. नखच नव्हतं. एकदा मी विचारलं. आतापर्यंत आमची एक भाषा झाली होती, थोडी इंग्रजी, थोडी फारसी, बाकी हातवारे. तिनं पंजा उचलला आणि माझ्या बोटाच्या अगदी वर आणून थांबवला.

"सात वर्षांची होते. चुकीचा रंग. तीन ओळी चुकीचा."

"उस्तादानं मारलं?"

"उस्ताद." तिनं छातीवर हात ठेवला. "माझा बाबा."

केरमानजवळच्या गावात वडिलांचाच कारखाना होता. बारा मुली ओळीनं बसायच्या. स्वतःच्या मुलीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून तिला सगळ्यांत जास्त मार. बोट चिरडलं त्या दिवशीही तिला उठू दिलं नव्हतं. चिंधी बांधून तिनं ती ओळ उसवली आणि पुन्हा विणली. लाल जमीन होती, म्हणाली, म्हणून डाग दिसला नाही. पुढं लग्न झालं ते त्याच कारखान्यातल्या माणसाशी. तो मागाच्या दांड्यानं मारायचा. एकतीस वर्षं. मग म्हातारपणी झोपेत शांतपणे गेला.

"मी त्याला आंघोळ घातली," ती म्हणाली. "हात, पाय, सगळं धुतलं. त्याच्या अंगावर एक जखम नव्हती. एकसुद्धा."

जखम हा शब्दही आमचा दोघींचा होता. सांगताना तिचा आवाज हलला नाही. सुरी मात्र इतक्या जोरात चालली की लोकरीचे तुकडे माझ्या मांडीवर उडाले.

तिनं मला माझ्या लग्नाबद्दल कधीच काही विचारलं नाही. मी येऊन बसले की एकदा वरपासून खालपर्यंत बघायची. मनगट सुजलेलं असलं तर त्या दिवशी पंजा देत नसे, नुसत्या गाठी मारायला लावी.

माझ्या गाठी आधी सैल पडत, मग सुरी बोटात घुसे. नोव्हेंबरपर्यंत मला एक वीतभर पट्टा एकटीनं विणता यायला लागला. मला सगळ्यांत आवडायचं ते ठोकणं. पंजा डोक्यापर्यंत उचलायचा आणि हाणायचा. मनात कोण असायचं ते सांगायला नको. एकदा मी अशीच हाणत असताना तिनं माझं मनगट पकडलं आणि गालिच्यावर बोट फिरवलं. माझ्या बाजूची ओळ तिच्या बाजूपेक्षा बोटभर खाली दबली होती. गालिचा वाकडा चालला होता.

"राग बाहेर ठेव," ती म्हणाली. "नाहीतर सगळं काढावं लागतं." आणि तिनं खरोखरच काढायला लावलं. आकड्यानं एकेक गाठ उसवत मी तीन दिवस बसले. विणायला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ. तिसऱ्या दिवशी मी रडले, रागानं. तिनं चहा करून दिला, खडीसाखरेचा खडा दाताखाली धरून पितात तसा, आणि उसवायला पुन्हा बसवलं.

जानेवारी २०२१. मंगळवार, दुपारचे तीन. नवऱ्याला सकाळीच कळलं होतं की त्याचं नाव कपातीच्या यादीत आहे. मला त्यानं सांगितलं नव्हतं. वर त्याची शेवटची कुठलीतरी मीटिंग चालू होती आणि मी खाली खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला.

तो जिन्यावरून उतरला तो आवाज मी मिक्सरमुळे ऐकलाच नाही. केसांना हिसका बसला तेव्हाच कळलं. त्यानं माझं डोकं वरच्या कपाटाच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. चटणीचं काचेचं भांडं खाली पडून फुटलं. मी ओट्याला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होते. "सगळे ऐकत होते! सगळे हसले!" तो किंचाळत होता. मी खाली पडले आणि तो माझ्यावर बसला. याआधी त्यानं कधी गळा धरला नव्हता. दोन्ही अंगठे घशावर. त्याचा चेहरा अगदी जवळ होता, आणि मला आठवतंय, त्यावर राग नव्हता, नुसतं लक्ष होतं, एखादं घट्ट झाकण उघडताना असतं तसं. मी टाचेनं भिंत बडवली. आधी मुद्दाम, मग आपोआप.

मागचं दार उघडंच होतं. खानम कुंपणाच्या मोडक्या फळीतून आली असावी. मला आधी तिच्या चपला दिसल्या, काचेच्या तुकड्यांवर. मग पंजा. तिनं तो त्याच्या हातावर मनगटाच्या वर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, सुक्या काटकीसारखा आणि अगदी लहान. माझ्या छातीत हवा शिरली ती भाजल्यासारखी.

तो ओरडत उठला आणि दुसऱ्या हातानं तिला ढकललं. ती लहानखुरी बाई, उडालीच. दाराच्या पायरीवर खांद्यावर पडली आणि तिच्या तोंडून एक बारीक आवाज आला. तो तिच्याकडे वळला. त्यानं लाथ मारायला पाय मागं घेतला.

पंजा माझ्या हाताशी पडला होता.

मी तो उचलला आणि त्याच्या पाठीत हाणला. तो गुडघ्यावर आला. मी खांद्यावर हाणला. तो डोक्यावर हात घेऊन आडवा झाला, "नको, नको" म्हणाला, मी जसं म्हणायचे तसंच. मी तिसरा घाव घातला, तो त्याच्या बरगड्यांवर बसला. मग मी दोन्ही हातांनी पंजा डोक्यापर्यंत उचलला. आता कुठं मारायचं ते मला माहीत होतं. त्याच्या कानामागची जागा मला दिसत होती, तिथला तीळसुद्धा.

"बस!" खानम ओरडली.

फारसीतही बस म्हणजे बसच. मराठीत सुद्धा तेच. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं मी थांबले असते असं मला वाटत नाही.

पंजा खाली ठेवायला बोटं उघडेनात. मी तो तसाच धरून एका हातानं फोन लावला. या वेळी पत्ता सांगताना माझा आवाज अजिबात ठाम नव्हता. घशातून शब्दच येत नव्हता. पलीकडची बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "घाई नको, मी आहे इथं."

गार्डा आले, दोन अँब्युलन्स आल्या. नवऱ्याचं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. खानमचं खांद्याजवळचं हाड. माझ्या डोक्याला सात टाके पडले. नवऱ्यानं सांगितलं, शेजारची वेडी बाई घरात घुसली आणि तिनं हल्ला केला. माझा जबाब घ्यायला एक तरुण गार्डा आला. मी पुण्यातल्या पहिल्या वेळेपासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बरगड्या मी मोडल्या. तीन वेळा मारलं. तिसऱ्या वेळी तो खाली पडला होता."

त्यानं पेन थांबवलं. "हे लिहू? नक्की?"

"लिहा. नाहीतर तिच्या नावावर जाईल."

खानमचा मुलगा त्याच संध्याकाळी नावनहून आला. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये, मास्कच्या वरचे त्याचे डोळे मी विसरणार नाही. "तुला माहीत होतं तो कसा आहे," तो म्हणाला. "आणि तू इतके महिने माझ्या आईच्या घरात येऊन लपत होतीस. एकतीस वर्षं तिनं हेच पाहिलं. त्यातून सोडवून मी तिला इथं आणलं. आणि तू तिला पुन्हा त्यात ओढलंस."

 त्याचं म्हणणं खरं होतं.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, त्याची नोकरी गेली होती. अशा वेळी बाईनं सबुरीनं घ्यायचं असतं. हात मोडलास त्याचा?"

"हात मी नाही मोडला," मी म्हणाले. "बरगड्या मोडल्या. आणि आई, तुम्ही किती वर्षं सबुरीनं घेतलंत?"  मग त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

कोर्टानं त्याला त्या घरात पाऊल ठेवायला बंदी केली. सुनावणीला आम्ही दोघं मास्क लावून दोन टोकांना बसलो होतो. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं नव्हतं. एका हातानं ते लागत नव्हतं. मला उठून ते लावून द्यावंसं वाटलं. सात वर्षांची सवय. मी हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मे महिन्यात, त्याच्यावरचा खटला उभा राहायच्या आत, तो देश सोडून गेला. घटस्फोटाचं बाकीचं वकिलांमार्फत झालं. खानमवर आणि माझ्यावर खटला होणार नाही हे त्याच सुमारास कळलं.

खानमचा हात फेब्रुवारी-मार्चभर गळ्यात बांधलेला होता. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मी तिच्या दाराशी गेले तेव्हा मुलगा तिथंच होता, त्यानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. आतून तिनं काहीतरी म्हटलं. त्यानं उत्तर दिलं. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तो बाजूला झाला.

"ती म्हणतेय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गालिचा अर्धा आहे आणि हात एकच आहे."

तेव्हापासून ती खुर्चीत बसायची आणि रंग ओरडायची, आणि मी विणायचे. शिफ्टवरून थेट तिच्याकडे. डोक्यावरचे टाके निघाले तिथं केस अर्धवट वाढले होते. ती वडिलांसारखीच कडक होती, फक्त मारत नव्हती. चुकलं की जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज करायची आणि मी उसवायला बसायचे. एप्रिलमध्ये मुलगाही फळीवर येऊन बसायला लागला. त्याला गाठ येत नव्हती. डॉक्टरची बोटं, पण गाठ सैल. आई त्याला माझ्याहून जास्त ओरडायची. तो माझ्याशी हळूहळू बोलायला लागला, आधी लोकरीबद्दल, मग वॉर्डात दगावलेल्या माणसांबद्दल. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

एक दिवस तो नसताना मी तिला सांगितलं. बरेच महिने ते माझ्या घशात अडकलं होतं.

"खानम, त्याला मारताना मला बरं वाटलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांत बरं वाटलं. तुम्ही ओरडला नसतात तर मी थांबले नसते."

ती बराच वेळ लाल लोकरीचा गुंता सोडवत राहिली. "माझा बाबा," ती म्हणाली, "त्यालाही बरं वाटायचं. मला दिसायचं." मग म्हणाली, "त्या दिवशी मलाही बरं वाटलं." आणि थोड्या वेळानं, "चार सोर्ख." मी चार लाल गाठी मारल्या.

सप्टेंबरच्या शेवटी गालिचा पुरा झाला. मागावरून तो कापून उतरवावा लागतो. मुलानं कैची धरली, मी खालून आधार दिला. दीड वर्ष ताणलेले धागे एकेक करून तुटताना सटासट आवाज करत होते, काही माझ्या हातावर फटके मारून गेले. सगळा गालिचा एकदम अंगावर आला, ओल्या जनावरासारखा जड. तो धुवायचा होता. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर पसरून आम्ही पाइपानं पाणी सोडलं आणि खराट्यांनी घासायला लागलो. पहिल्या धुण्यात जादा रंग निघतो. लाल पाणी उतारावरून फुटपाथवर आणि तिथून गटारात वाहायला लागलं.

समोरचा म्हातारा आयरिश शेजारी कुत्रा घेऊन चालला होता. तो थांबला, पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "देवा रे," तो म्हणाला, "कुणाला मारलंत?"

मुलानं भाषांतर केलं. खानम हसायला लागली. इतकी हसली की तिला दुखरा खांदा धरून खाली बसावं लागलं. म्हाताऱ्याला काही कळेना, पण तोही हसला. मी खराटा टाकला आणि घरात गेले. स्वयंपाकघरात सिंकपाशी उभं राहून थोडा वेळ हात धुतले.

ऑक्टोबरमध्ये ती मुलाकडे नावनला राहायला गेली. वॉर्डातलं काम हलकं झालं होतं, सगळ्यांना लस मिळाली होती. सामान हलवायला मी बरोबर गेले. त्याच्या घरात वरच्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली होती, खिडकीतून बॉइन नदीकाठची झाडं दिसत होती. आम्ही गालिचा उलगडला. खोलीपेक्षा तो थोडा मोठा निघाला. एक कड भिंतीपाशी दुमडत होती. मुलगा म्हणाला, पलंग बाहेर काढू, ती तसंही जमिनीवरच झोपते. आम्ही दोघांनी पलंग जिन्यावरून खाली नेला, दोनदा अडकला, एकदा त्याचा अंगठा चेपला आणि तो फारसीत काहीतरी ओरडला जे आईनं वरून ऐकलं आणि रागावली.

वर आलो तर ती गालिच्यावर पालथी पडली होती. गाल लाल लोकरीवर, दुखरा हात अंगाखाली न घेता बाजूला पसरलेला. आम्हाला वाटलं, काही झालं. पण ती झोपली होती, दुपारच्या उजेडात, चपला पायातच. मुलानं वाकून त्या काढल्या. मी खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि मग आम्ही खाली चहा करायला गेलो.